व्रत, पथ्य आणि सोवळे

मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आरोग्यविषयक सदरांतून गेली काही वर्षे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात आहेत : 'व्हीगन', 'प्लान्ट-बेस्ड' आणि 'शुद्ध शाकाहारी'. एकाच परिच्छेदात वरच्या ओळीत पहिला, मधल्या ओळीत दुसरा आणि शेवटी तिसरा येतो; जणू तिन्ही एकाच वस्तूची नावे आहेत आणि लेखकाने केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी ती आलटूनपालटून वापरली आहेत. परभाषेतला शब्द मराठीत शिरला म्हणून हळहळण्याची आमची प्रवृत्ती नाही. स्टेशन आणि टेबल पचवणारी भाषा व्हीगनही पचवील. आमचा आक्षेप वेगळा आहे. ह्या तीन शब्दांमागे तीन निराळे हेतू, तीन निराळे इतिहास आणि तीन निराळ्या जबाबदाऱ्या आहेत. ते एकमेकांत कालवले की ज्याला कोणत्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते त्याची मोठी सोय होते. ही सोय कोणाची आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

आधी शब्दांचा जन्म पाहू. 'व्हीगन' हा शब्द १९४४ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये घडवला गेला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांचे तेथील शाकाहारी मंडळींशी एक भांडण होते. मांस वर्ज्य मानणारे हे लोक दूध, लोणी आणि अंडी बिनदिक्कत खात. मग दुधासाठी जन्माला घातलेल्या वासराचे काय होते, हा प्रश्न वॉटसन विचारीत होते. शाकाहारी मंडळींच्या नियतकालिकात ह्या चर्चेला स्वतंत्र जागा मिळेना, तेव्हा त्यांनी वेगळे पत्रक काढले, वेगळी संस्था उभारली आणि 'व्हेजिटेरिअन' ह्या शब्दाची रोमन लिपीतील पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन नवा शब्द तयार केला. म्हणजे हा शब्द शाकाहाराचा समानार्थी म्हणून जन्मलेला नाही. शाकाहारावरची टीका म्हणून जन्मलेला आहे. पुढे ह्या संस्थेने जी व्याख्या स्थिर केली तिचा गाभा असा : अन्न, वस्त्र किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी प्राण्यांचे होणारे शोषण आणि क्रौर्य, शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर, टाळण्याचा प्रयत्न करणारी जीवनपद्धती. ताट हा तिचा एक भाग झाला. चामड्याची चप्पल, लोकरीची शाल, रेशमी वस्त्र, मध, सर्कशीतला हत्ती आणि प्रयोगशाळेतला ससा हेही तिच्या कक्षेत येतात.

'प्लान्ट-बेस्ड' ह्या शब्दाची कुळकथा अगदी वेगळी आहे. तो १९८०च्या दशकात अमेरिकेतील आहारशास्त्राच्या वर्तुळात रुळला आणि त्याचे श्रेय बहुधा टी. कॉलिन कॅम्पबेल ह्या शास्त्रज्ञाला दिले जाते. आहार आणि कर्करोग ह्यांच्या संबंधाविषयी बोलताना त्यांना असा शब्द हवा होता, की ज्याला नीतीचा वास येणार नाही. त्यांचे 'द चायना स्टडी' हे पुस्तक २००५ साली आले आणि हा शब्द सर्वदूर पोहोचला. त्याचा विषय आहे खाणाऱ्याचे शरीर : त्याचे हृदय, त्याच्या रक्तातील साखर, त्याचे वजन. गायीविषयी त्याला काही म्हणायचे नाही. प्लान्ट-बेस्ड आहार घेणारा मनुष्य सकाळी ओट्सचे पेय पिऊन दुपारी चामड्याचा पट्टा विकत घेऊ शकतो आणि त्यात कोणतीही विसंगती नसते. उलट शक्य तितके वनस्पतिजन्य खावे, एवढाच अर्थ घेणाऱ्या अनेकांच्या लेखी महिन्यातून एखादे वेळी मासा खाल्ल्यानेही तो आहार मोडत नाही.

हा भेद सांगण्यासाठी मराठीला नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आपल्याकडे दोन शब्द पूर्वीपासून आहेत : व्रत आणि पथ्य. पथ्य वैद्य सांगतो. ते स्वतःच्या देहासाठी असते, प्रकृती सुधारली की सुटते आणि वैद्य बदलला की बदलते. व्रत मनुष्य स्वतः घेतो. कोणी पाहत नसतानाही ते पाळायचे असते, आणि ते गैरसोयीचे झाले म्हणून सुटत नाही. कोणी म्हणेल की, आपल्याकडची पुष्कळशी व्रते फळाची अपेक्षा धरूनच केली जातात. सोळा सोमवार काय प्राणिमात्रांच्या करुणेपोटी केले जातात? आक्षेप रास्त आहे. परंतु मराठीत व्रताचा दुसराही अर्थ रुजलेला आहे. गांधींच्या आश्रमातील एकादश व्रते आठवावीत. त्यांत अहिंसा आहे, अस्तेय आहे आणि अस्वादही आहे. ती पदरात काही पाडून घेण्यासाठी नव्हती. ह्या दुसऱ्या अर्थाने व्हीगन असणे हे व्रत आहे आणि प्लान्ट-बेस्ड आहार हे पथ्य आहे. दोन्ही आदरणीय आहेत. मात्र एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याने मिरवणे अप्रामाणिक आहे.

ह्या भेदाचा सर्वांत स्वच्छ विचार गांधींनीच केलेला दिसतो, आणि तोही 'व्हीगन' हा शब्द जन्माला येण्यापूर्वी. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांनी जे भाषण केले त्याचा रोख हाच होता : केवळ आरोग्यासाठी मांस सोडणारे बहुधा टिकत नाहीत, कारण प्रकृतीने उलट कौल दिला की त्यांचा आधार सरतो, शाकाहाराला पाया हवा तो नीतीचा. हे सांगणाऱ्या माणसाने स्वतःवरही तोच निकष लावला होता. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूध सोडले होते; गायीम्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी गवळी जे क्रूर उपाय करीत त्यांची वर्णने त्यांच्या वाचनात आली होती. १९१८ साली खेड्याच्या मोहिमेनंतर ते मरणप्राय आजारी पडले, आणि पुढे मुंबईच्या मुक्कामात डॉक्टरांच्या व कस्तुरबांच्या आग्रहाने शेळीचे दूध घेऊ लागले. प्रतिज्ञा करताना मनात गाय आणि म्हैसच होती, अशी पळवाट त्यांना उपलब्ध होती. ती त्यांनी वापरली, आणि आत्मकथेत स्वच्छ लिहिलेही की, शब्द पाळला गेला, पण आत्मा जखमी झाला. व्रत आणि पथ्य ह्यांतील अंतर कळलेला माणसूच असे लिहू शकतो. आजची मराठी आरोग्यसदरे हे अंतर पुसून टाकतात. त्यामुळे ज्याने आपला मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी पनीर सोडले त्यालाही करुणेचे प्रशस्तिपत्र मिळते, आणि ज्याने करुणेपोटी पनीर सोडले त्याला सारखे 'मग प्रथिने कुठून घेता?' ह्याचेच उत्तर द्यावे लागते.

आता तिसरा शब्द. 'शाकाहार' ह्या शब्दात शाक आहे, म्हणजे भाजीपाला. व्युत्पत्ती पाहिली तर शाकाहार म्हणजे नेमका वनस्पतिजन्य आहार. प्रत्यक्षात मराठी शाकाहारी ताटात दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, श्रीखंड आणि बासुंदी ही सारी असतात. दूध हे प्राण्याच्या देहातून येते हे सर्वांना ठाऊक आहे. तरी ते प्राणिज आहे असे आपल्या मनाला वाटत नाही. ही मनाची सवय आपल्या कायद्यातही उतरली आहे. पाकिटावर हिरवा ठिपका कोणाला द्यायचा हे ठरवताना नियमांनी आधी मांसाहारी पदार्थाची व्याख्या केली : प्राणी, पक्षी, मासे, अंडी किंवा कोणताही प्राणिज पदार्थ ज्यात आहे तो. आणि लगेच अपवाद सांगितले : दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख. लाख हा एका कीटकाचा स्राव आहे. गोळ्यांना आणि फळांना चकाकी आणण्यासाठी तो वापरला जातो. म्हणजे हिरवा ठिपका 'प्राणिज नाही' असे सांगत नाही. 'प्राणिज असले तरी आम्हांला चालणारे' असे सांगतो. हा अपवाद रास्त की अगम्य, हा वाद घालता येईल. पण तो अपवाद आहे हे तरी मान्य करावे.

ह्याच कारणाने अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह काढावे लागले. उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिज घटक वापरलेला नसावा, ही त्यातील मुख्य अट. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१च्या सप्टेंबरात, ह्याच प्राधिकरणाने सोयाबीन, बदाम किंवा ओट्स ह्यांपासून केलेल्या पेयांना 'दूध' म्हणून विकण्यास मनाई करणारे आदेश दिले होते. मराठीत आपण नारळाचे दूध पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. सोलकढी त्यावाचून होत नाही. पण तो वाद येथे नको. मुद्दा एवढाच की, ज्या भेदाला सरकारी नियमांत जागा मिळाली त्याला मराठी गद्यात अजून जागा नाही.

'शाकाहार' ह्या शब्दाला केवळ हा एक अपवाद चिकटलेला असता तर आम्ही इतके लिहिले नसते. त्यापुढे 'शुद्ध' हे विशेषण लागते आणि तेथून खरा प्रश्न सुरू होतो. शुद्ध म्हणजे काय? तुपात भेसळ नाही, असा अर्थ येथे नसतो. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी पदार्थाविषयी फारसे सांगत नाही. ती स्वयंपाकघराविषयी, भांड्यांविषयी आणि पंक्तीविषयी सांगते. येथे मांस शिजलेले नाही, मांस खाणाऱ्याच्या हाताचा स्पर्श झालेला नाही, आणि आपल्या शेजारी कोण बसले असेल ह्याची चिंता नको, असे आश्वासन ती देते. मराठीत ह्याला जुना आणि नेमका शब्द आहे : सोवळे. २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी.त वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले केवळ शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. २०२४च्या मार्चमध्ये झोमॅटो ह्या कंपनीने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातील वेगळे वाहक नेमण्याची घोषणा केली, आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. ह्या दोन्ही प्रसंगांत कोणाच्या ताटात काय आहे हा प्रश्न नव्हता. दुसऱ्याचे ताट आपल्या ताटाजवळ यावे की नाही, हा प्रश्न होता. प्राण्याच्या वेदनेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

व्हीगन विचार आणि सोवळे ह्यांची गल्लत आम्हांला सर्वांत घातक वाटते ती येथे. व्हीगन विचाराचा पहिला प्रश्न खाटिकखान्याला आहे हे खरे. पण दुसरा प्रश्न गोठ्याला आहे, आणि आपल्याकडे तो सोवळ्या स्वयंपाकघराला जाऊन भिडतो. पंचामृतातील पाचांपैकी चार पदार्थ, म्हणजे दूध, दही, तूप आणि मध, त्या प्रश्नाखाली येतात. उरते ती साखर. नैवेद्याचा पेढा, अभिषेकाचे दूध आणि निरांजनातील तूप ही सारी त्याच ओळीत उभी राहतात. गोरक्षणाचा विचार दुधाच्या कृतज्ञतेवर उभा आहे. व्हीगन विचार दुधावर आपला अधिकार काय, हे विचारतो. तात्त्विक दृष्ट्या ही दोन टोके आहेत. तरीही महाराष्ट्रात व्हीगन म्हणवणाऱ्या काही मंडळींना सोवळ्यांच्या टाळ्या गोड लागतात, आणि राखीव टेबलांचा प्रश्न आला की त्यांची करुणा मौन पाळते. ज्यांना प्राण्यांविषयी खरी तळमळ आहे त्यांनी ह्या टाळ्या नाकारायला हव्यात. नाहीतर त्यांचे व्रत लोकांना सोवळ्याची नवी, इंग्रजी शिकलेली आवृत्ती वाटेल, आणि तसे वाटल्याबद्दल लोकांना दोष देता येणार नाही.

व्रत सोवळ्यावाचून असू शकते, ह्याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील असंख्य बहुजन घरांत एखाद्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. माळकऱ्याने मांस आणि दारू सोडलेली असते. त्याच घरातील इतर माणसे सणासुदीला मटण करतात. माळकऱ्यासाठी भांडे कधी वेगळे ठेवले जाते, चूल कधी अंगणात मांडली जाते. पण आपला मुलगा विटाळला असे तो मानत नाही, आणि त्याच्या हातचे पाणी नाकारीत नाही. त्याने माळ स्वतः घातलेली असते. तिचा भार तो इतरांच्या मानेवर टाकीत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांपासून आपला जिल्हा जो त्याग पाहत आला आहे तोही स्वतंत्र तर्काने चालतो. जैन आचारात बटाटा आणि कांदा वर्ज्य, म्हणजे व्हीगनांना चालणारे कंदमूळ तेथे चालत नाही. उलट दूध चालते. मध मात्र दोघांनाही वर्ज्य. प्रत्येक त्यागाचे स्वतःचे व्याकरण असते. सर्वांवर एकच प्रत्यय लावून चालत नाही.

आतापर्यंतची चर्चा ज्यांना निवड करता येते अशांविषयी झाली. मराठवाड्यात बसून लिहिणाऱ्यांना तेवढ्यावर थांबता येणार नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, करडईच्या तेलाचे दोन थेंब : हे ताट आज शहरातील उपाहारगृहे 'प्लान्ट-बेस्ड' म्हणून सजवून मांडू लागली आहेत. ज्यांनी ते ताट आयुष्यभर खाल्ले त्यांनी ते निवडलेले नव्हते. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी शिजवून खाल्ली. तेही वनस्पतिजन्यच होते. आम्ही वर्गात शरणकुमार लिंबाळे ह्यांचे 'अक्करमाशी' शिकवतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मकथनात संतामाय शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्यांची भाकरी करते. ती भाकरीही पूर्णतः वनस्पतिजन्य आहे. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळावा म्हणूनच आम्ही ते लिहीत आहोत. पदार्थ कशापासून झाला एवढेच सांगणारा शब्द माणसाच्या जगण्याविषयी किती थोडे सांगतो, हे त्यावरून कळावे. अभाव हे व्रत नव्हे आणि पथ्यही नव्हे. अभावाला आहारपद्धतीचे गोंडस नाव देणे म्हणजे उपाशी माणसाला उपास केल्याचे श्रेय देणे होय.

शाहू पाटोळे ह्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आपल्याच शहरातील प्रकाशनाने काढले, तेव्हा त्याचे नाव औरंगाबाद होते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद २०२४ साली इंग्रजीत गेली. त्या ताटात मांस आहे, रक्त आहे, वाळवून ठेवलेल्या चान्या आहेत. दूध, तूप आणि तेल मात्र अपवादानेच दिसतात. गंमत अशी की, ज्या ताटात दूधतुपाची रेलचेल आहे त्याला आपण शुद्ध म्हणतो, आणि ज्या ताटात दुधाचा थेंब नाही त्याला कोणतेच मानाचे नाव देत नाही. दुधाच्या प्रश्नावर निकष लावायचा तर ह्या दोन ताटांचा क्रम उलटासुलटा होतो. मांसाच्या प्रश्नावर लावायचा तर पुन्हा बदलतो. क्रम लावण्याचा हट्टच मुळात सोवळ्याचा आहे, हे विद्यार्थ्यांना ह्या पुस्तकाच्या आधारे उत्तम समजावता येते.

ह्याच मातीत एक असा त्याग घडला आहे की ज्याला वरचा कोणताही शब्द लागू पडत नाही. १९२७च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडावे, असे आवाहन केले, आणि अनेक गावांतील महारांनी ते मनावर घेतले. मेलेले जनावर ओढण्याचे काम जातीने लादलेले. त्याच्या मांसावर जगणे हीही त्याच व्यवस्थेने दिलेली भाकरी. ती नाकारण्यात गायीविषयी करुणा नव्हती, शरीरप्रकृतीचा विचार नव्हता आणि सोवळ्यांच्या पंक्तीत बसण्याची लालसाही नव्हती. होता तो स्वाभिमान. आहारातील त्यागाच्या आधुनिक मराठी इतिहासातील ही आमच्या मते सर्वांत मोठी घटना आहे. आणि 'व्हीगन की प्लान्ट-बेस्ड' असे लिहिणाऱ्या एकाही सदरात तिचा उल्लेख आमच्या वाचनात आला नाही. शब्दांची पेटी केवळ बाहेरून आणली की असे होते. घरातील मोठी वस्तू तीत मावत नाही, म्हणून ती नसल्यासारखी वाटते.

आता व्हीगन व्रताकडे, त्याच्याच अटींवर. त्याची कसोटी आपल्या शहरात कोठे लागते? ताटात लागते, पण त्याहून अधिक कपाटात लागते. पैठणी रेशमाची. सलग धागा मिळावा म्हणून कोष उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात. आतील जीव तेथेच संपतो. एका साडीमागे असे हजारो कोष. आपल्या हिमरूमध्येही सुताबरोबर परंपरेने रेशीम आहे. प्लान्ट-बेस्ड आहार घेणारी व्यक्ती पैठणी नेसून निःशंक जेवायला बसू शकते. व्हीगन व्यक्तीला ती नेसता येत नाही. दोन शब्दांतील अंतर ह्याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. परंतु चित्राची दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी तुतीकडे वळला तो थोड्या पाण्यात हाती पैसा येतो म्हणून, आणि जालन्यात कोषांची बाजारपेठ उभी राहिली ती त्याच आधारावर. पैठणच्या विणकराचा हातमाग त्याच धाग्यावर चालतो. ह्या माणसांना क्रूर ठरवून व्रत पुरे होत नाही. जो व्हीगन ह्या प्रश्नापाशी थांबून तुतीला पर्याय कोणता, असे विचारील त्याचे आम्ही ऐकू. जो केवळ नाक मुरडील तो सोवळ्यात जमा.

भाकरीचाही हिशेब पाहावा. देवणी किंवा लाल कंधारी बैलांच्या जोडीने नांगरलेल्या आणि शेणखत घातलेल्या रानातील ज्वारी वनस्पतिजन्य खरी, पण तीमागे बैलाचे कष्ट आहेत. व्हीगन व्याख्येतील 'शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर' ही मर्यादा अशाच ठिकाणी कामाला येते, आणि ती मर्यादा त्या व्याख्येचा दुबळेपणा नसून प्रामाणिकपणा आहे. व्रत पूर्णत्वाचा दावा करीत नाही, सोवळे करते. वर्ध्याजवळ नालवाडीत गांधींच्या प्रेरणेने चालवलेल्या चर्मालयात नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. व्हीगन व्याख्येला ते चालणार नाही, सोवळ्याला तर कातड्याचे कामच चालत नाही. आणि तरीही त्यामागे जनावर आणि कातडे कमावणारा माणूस ह्या दोघांचाही विचार होता. मराठीत करुणेचा इतिहास लिहायचा तर ह्या चर्मालयाला त्यात जागा द्यावी लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. हेतू कोणताही असो, जनावर वाचले ना? मग शब्दांचा कीस कशासाठी? ताटापुरते पाहिले तर ह्या आक्षेपात तथ्य आहे. पथ्याने सोडलेला मटणाचा तुकडा आणि व्रताने सोडलेला तुकडा बकऱ्याला सारखाच. पण पथ्य ताटाच्या काठाशी थांबते, आणि वैद्यकाचे मत पालटले की परतही फिरते. शिवाय हेतू पुसला गेला की त्याबरोबर प्रश्नही पुसला जातो. दुधाचा प्रश्न विचारणारा शब्द 'शुद्ध शाकाहार' ह्या अनुवादात विरघळला की मराठी वाचकाला तो प्रश्न कधी ऐकूच येत नाही. त्याला वाटते, आपण तर आधीपासूनच व्हीगन आहोत, फक्त चहात दूध घालतो.

आणि ह्या गल्लतीची किंमत नेहमी प्रौढच मोजतात असेही नाही. २०२३च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवली. विरोध झाला तो धार्मिक भावनांच्या नावाने. २०२५च्या जानेवारीत अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि ज्या शाळांना अंडे द्यायचे असेल त्यांनी लोकसहभागातून पैसे उभारावेत, असे ठरले. ह्या विरोधाला व्हीगन म्हणता येणार नाही, कारण त्याचा दुधाला विरोध नव्हता. त्याला पथ्यही म्हणता येणार नाही. वाढत्या वयातील मुलाला प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते, आणि केवळ वनस्पतिजन्य आहारातून ब-१२ पुरेसे मिळत नाही, म्हणून असा आहार घेणारे जाणकार त्याची गोळी घेतात. ज्या घरात गोळी परवडते तेथे पथ्य सांभाळता येते. ज्या मुलाचे दिवसाचे मुख्य जेवण शाळेतच होते त्याच्यापुढून अंडे उचलून नेण्याला एकच नाव उरते, आणि ते आम्ही वर सांगितले आहे. व्रत दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. आणि ज्याला अजून निवड करण्याइतके वय आणि अन्न मिळालेले नाही, त्याच्याकडून तर नाहीच नाही.

मराठीच्या अध्यापकांनी ह्यात काय करावे? आमच्या सूचना साध्या आहेत. 'व्हीगन' हा शब्द तसाच ठेवावा; त्याला 'शुद्ध शाकाहारी' असे कधीही अनुवादू नये, कारण तो अनुवाद नसून खोडणे आहे. 'प्लान्ट-बेस्ड'साठी 'वनस्पतिजन्य आहार' पुरेसा आहे. नुसते 'वनस्पती' म्हटले तर अजूनही अनेकांना डालड्याचा डबा आठवतो. 'शाकाहार' दूधतुपासह ज्या अर्थाने रुळला आहे त्या अर्थाने खुशाल वापरावा. 'शुद्ध' हे विशेषण मात्र जेथे दिसेल तेथे विद्यार्थ्यांना थांबवावे आणि विचारावे : कशापासून शुद्ध? कोणापासून शुद्ध? भाषेच्या वर्गात ह्याहून उपयुक्त प्रश्न क्वचितच सापडेल.

कोणी काय खावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. आपल्या जेवणाला जो जे नाव देईल त्या नावाची जबाबदारी त्याने घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे. व्रत म्हणणाऱ्याने कपाट उघडावे. पथ्य म्हणणाऱ्याने पुण्य मागू नये. आणि सोवळे पाळणाऱ्याने निदान करुणेचे उपरणे खांद्यावरून उतरवून ठेवावे.